मोहरा आणि खुर्दा

पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आले, की गल्लीच्या वळणावर मंगळागौरीचे देऊळ लागते. काशीचे लोक तिला मंगला गौरी म्हणतात. त्याच देवळात गभस्तीश्वराचे लिंग आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा, बिंदुमाधव हा भोवतालचा सारा भाग मराठ्यांच्या इतिहासाशी इतका जडलेला आहे, की महाराष्ट्रातून येथे बदलून आलेल्या माणसाला आपण परमुलखात आहो याचा कधीकधी विसर पडावा. नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात या बाजूस आपली वस्ती वाढवली, पेशव्यांनी व त्यांच्या सरदारांनी घाट बांधले, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बिंदुमाधवाचे देऊळ पुन्हा उभे केले. श्रावणातल्या मंगळवारी नव्याने लग्न झालेल्या मुली पूजेला येतात, आणि वाटेवर बांगड्यांचे ढीग मांडलेले असतात.

गेल्या श्रावणात अशाच एका मंगळवारी घरच्या मंडळींना घेऊन मी तेथे गेलो होतो. आत बायकांची दाटी असल्यामुळे बाहेर एका ओट्यावर बसून राहिलो. पिशवीत फ्रान्झ वेर्फेल या लेखकाची 'मुसा दाघचे चाळीस दिवस' ही आठशे पानांच्या घरातली कादंबरी इंग्रजी भाषांतरात होती. आर्मेनियन लोकांच्या संहारावरील कथावाङ्मयात तिचे नाव पहिल्याने निघते. दोनचार पाने वाचावी, मान वर करावी, पुन्हा समोरच्या हिरव्या बांगड्यांकडे लक्ष जावे, असे चालले होते. त्या वाचनाचा आणि त्या बांगड्यांचा मनात जो सांधा जुळला, त्यातून हा लेख निघाला आहे.

पानिपतच्या संहाराचा हिशेब आपल्याकडे दोन प्रकारांनी ठेवला गेला. एक हिशेब सावकारी आहे. पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना ज्या सांकेतिक पत्रातून कळली असे सांगतात, त्यात माणसांची नावे नव्हती. गळालेली दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. गेलेल्या मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि त्यांच्या खालचा रुपया व खुर्दा किती गेला हे मात्र मोजण्यापलीकडचे, अशा आशयाची ती भाषा होती. ग्रँट डफने १८२६ मध्ये आपल्या इतिहासात ती दिली आणि तेव्हापासून प्रत्येक शाळकरी मुलाला ती ठाऊक आहे. दुसरा हिशेब बायकांचा आहे. सव्वा लाख बांगडी फुटली, असे आपण अजून म्हणतो. हा आकडा इतिहाससंशोधकाच्या कसोटीला उतरणार नाही, हे उघड आहे. पण ज्या कोणाच्या तोंडून तो प्रथम निघाला, त्याने मोहरा मोजल्या नाहीत, खुर्दा मोजला. पडलेल्या शिपायाला, बुणग्याला, लष्कराच्या आश्रयाने तीर्थयात्रेस निघालेल्या माणसाला बखरीत नाव नसेल. त्याच्या घरी एक बांगडी फुटली, एवढी नोंद तरी भाषेने ठेवली.

संहारावर लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबरीचे वाङ्मयीन मोल ठरवायचे तर मला ही कसोटी लावावीशी वाटते. वर्णनाची भव्यता, पात्रांचा पल्ला, इतिहासाशी प्रामाणिकपणा हे गुण पाहावेतच. पण त्याआधी तिने खुर्दा मोजला की नाही, हे पाहावे.

आर्मेनियन लोकांचा वृत्तान्त आपल्या वाचकांस फारसा परिचित नसावा. एरव्ही हे लोक हिंदुस्थानाला नवखे नाहीत. आग्रा, चिनसुरा, कलकत्ता, मद्रास येथे त्यांच्या पेढ्या होत्या. कलकत्त्यातील त्यांचे देवालय १७२४ सालचे आहे. मद्रासेत १७९४ मध्ये हारुत्यून श्मावोन्यान नावाच्या धर्मोपदेशकाने 'अझ्दारार' हे मासिक काढले, आणि आर्मेनियन भाषेतील जगातले पहिले नियतकालिक ते हेच. आपली भाषा बोलणारा मुलूख हजारो मैल दूर असताना काही माणसांनी परक्या गावी एक मासिक छापावे, यातले मर्म प्रस्तुत मासिकाच्या वर्गणीदारांस मी काय सांगावे?

या लोकांचा मूळ देश आज तुर्कस्तान म्हणतात त्याच्या पूर्व भागात आणि त्यापलीकडे होता. ऑटोमन सुलतानांच्या राज्यात १८९४ ते १८९६ या काळात, आणि पुढे १९०९ मध्ये अदाना प्रांतात, त्यांच्या मोठ्या कत्तली झाल्या. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर मात्र जे घडले ते निराळ्याच जातीचे होते. २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये आर्मेनियन लेखक, वकील, शिक्षक, धर्मगुरू यांची धरपकड झाली. त्यानंतर गावोगावच्या लोकांना स्थलांतराचा हुकूम देऊन सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेण्यात आले. पुरुषांना बहुधा वाटेतच वेगळे काढून मारीत. बायका, मुले, म्हातारी माणसे उपासमारीने व रोगाने मरत. मृतांची संख्या दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक होती, असे बहुतेक इतिहासकार मानतात. एका संपूर्ण लोकसमूहाचे असे निर्मूलन करण्याला नावच नव्हते. राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने ते १९४४ मध्ये बनवले, त्यामागे आर्मेनियनांचे उदाहरणही त्याच्या डोळ्यांपुढे होते, आणि १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने त्या नावाने करार केला. आपण त्यास वंशसंहार म्हणतो. तुर्की सरकारला हा शब्द आजही मान्य नाही.

वेर्फेल आर्मेनियन नव्हता. तो १८९० मध्ये प्रागमध्ये जन्मलेला, जर्मन भाषेत लिहिणारा ज्यू. १९३० च्या सुमारास मध्यपूर्वेच्या प्रवासात दमास्कस येथील गालिच्यांच्या कारखान्यात काम करणारी, खंगलेली आर्मेनियन निर्वासित मुले त्याच्या दृष्टीस पडली. ती डोळ्यांपुढून हलेनात, म्हणून आपण लिहावयास बसलो, असे तो प्रस्तावनेत सांगतो. कथेसाठी त्याने एक खरी घटना घेतली. सीरियाच्या किनाऱ्याजवळील मुसा दाघ, म्हणजे मोशेचा डोंगर, याच्या पायथ्याच्या सहा गावांतील आर्मेनियनांनी स्थलांतराचा हुकूम न मानता डोंगरावर ठाण मांडले, तुर्की सैन्याला त्रेपन्न दिवस दाद दिली नाही, आणि सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रेंच युद्धनौकांनी त्यांतल्या चार हजारांहून अधिक लोकांना सोडवून पोर्ट सैद येथे नेले. वेर्फेलने त्रेपन्नाचे चाळीस केले. बायबलातला प्रलयाचा पाऊस चाळीस दिवस, आणि मोशेचा सीनाय पर्वतावरील वासही चाळीस दिवस. इतिहासाच्या दृष्टीने ही लबाडी. परंतु असली लबाडी कादंबरीकाराला क्षम्य असते, कारण तिने कोणाचे मरण झाकले जात नाही.

कादंबरीतला मला सर्वांत मोठा वाटणारा भाग लढाईचा नाही. तो एका कचेरीतल्या संभाषणाचा आहे. योहान्नेस लेप्सियस हा जर्मन पाद्री १९१५ मध्ये खरोखरच एन्व्हर पाशाला भेटला होता. आर्मेनियनांचे प्राण वाचवावेत म्हणून त्याने विनवणी केली होती. वेर्फेलने त्या भेटीचे एक प्रकरण केले. एन्व्हर तरुण आहे, देखणा आहे, बोलण्यात कमालीचा सभ्य आहे. आवाज चढवीत नाही, मेज आपटीत नाही. लेप्सियसची प्रत्येक विनंती तो हसऱ्या मुद्रेने ऐकून घेतो आणि ती कोठेच पोचत नाही. १९३२ च्या नोव्हेंबरात वेर्फेल जर्मनीत गावोगाव हे प्रकरण वाचून दाखवीत होता. दोनतीन महिन्यांनी हिटलर अधिकारावर आला. कादंबरी १९३३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत तिच्यावर बंदी आली.

आपल्यासारख्या सरकारी नोकरीत हयात काढलेल्या वाचकाला या पुस्तकात आणखी एक गोष्ट टोचल्याशिवाय राहणार नाही. हुकूम राजधानीतून निघतो, वालीकडे म्हणजे सुभेदाराकडे जातो, तेथून कैमकामाकडे, तेथून गावच्या मुदीराकडे. प्रत्येक टेबलावर त्यास एक शेरा मिळतो. कोणी थोडा अस्वस्थ होतो, कोणी बढतीचा विचार करतो, कोणी प्रकरण दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो, आणि शेवटी एक गाव रिकामे होते. अंतीओकच्या कैमकामाचे आणि त्याच्या हाताखालच्या मुदीराचे वेर्फेलने केलेले चित्रण इतके ओळखीचे आहे, की ते वाचून मी एकदा पुस्तक मिटून ठेवले. आज ज्ञात असलेला इतिहास सांगतो, की सर्वांनीच शेरे मारले नाहीत. हलबचा वाली जलाल बे याने स्थलांतराच्या हुकमास विरोध केला आणि त्याची बदली झाली. लिजे येथील कैमकाम हुसेन नसीमी याने हुकूम पाळला नाही, त्याला ठार मारण्यात आले. वरिष्ठाच्या सहीचा कागद परत पाठवणे म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच या दोन नावांचे वजन कळेल.

आता दोष. वेर्फेलने नायक निवडला तो गाब्रिएल बाग्रादियान, पॅरिसमध्ये राहिलेला, फ्रेंच बायको केलेला, गावाला जवळजवळ परका झालेला श्रीमंत माणूस. त्याच्या घरातले रुसवेफुगवे, बायकोचे स्खलन, मुलाचा हट्ट यांवर शेकडो पाने खर्च झाली आहेत, आणि तेवढ्या वेळात डोंगरावरची चारपाच हजार माणसे पडद्याआड उभी राहतात. असे असले तरी खुर्दा त्याने अगदीच टाकला नाही. पुस्तकांच्या ढिगात बसून अर्धे खरे, अर्धे रचलेले ज्ञान वाटणारा गावचा औषधविक्या क्रिकोर हा माणूस विसरता येत नाही. तेर हायगासून हा धर्मगुरूही तसाच. खरी अडचण याहून खोल आहे. वेर्फेलने जी घटना निवडली तीच मुळी अपवाद होती. दहा लाख माणसे लढली नाहीत. त्यांना लढावयाची संधीच मिळाली नाही. ती चालत गेली आणि वाटेत पडली. कादंबरीला कृती हवी असते, प्रतिकार हवा असतो, शेवटी क्षितिजावर जहाज दिसावे लागते. म्हणून संहाराची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी ही वाचलेल्यांची कादंबरी झाली. तिचा उपयोग मोठा झाला, यात शंका नाही. १९४३ मध्ये बिआलिस्टॉकच्या ज्यू वस्तीत प्रतिकाराची चर्चा चालली असता मुसा दाघ हे नावच एक खूण म्हणून घेतले जात होते. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांना जी कादंबरी हातात धरावीशी वाटली, तिच्यावर टीका करताना जीभ अडखळते. तरी पण वाळवंटातल्या त्या वाटेची कादंबरी ही नव्हे.

ती वाट लिहिण्याचा प्रयत्न आर्मेनियन लेखकांनी केला, आणि त्यांची हकीकत चमत्कारिक आहे. जाबेल येसायान ही लेखिका १९०९ च्या अदाना कत्तलीनंतर अनाथ मुलांच्या व्यवस्थेसाठी तेथे गेली. तिने पाहिले ते १९११ मध्ये 'भग्नावशेषांत' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध केले. तिने कादंबरी केली नाही. जे समोर आले, जो जे बोलला, ते तिने उतरवले. हागोप ओशागान हा दुसरा मोठा लेखक १९१५ नंतरची वर्षे कॉन्स्टँटिनोपलमध्ये लपून राहून वाचला. पुढे १९३० नंतर त्याने 'अवशिष्ट लोक' अशा अर्थाची तीन भागांची प्रचंड कादंबरी योजली. तिसऱ्या भागाचे नाव त्याने नरक या अर्थाचे ठरवले होते आणि त्यात खुद्द संहार यावयाचा होता. पहिले दोन भाग झाले. तिसरा त्याच्या हातून कधीच लिहिला गेला नाही. वेर्फेलला जे जमले ते ओशागानला जमले नाही, यावरून वेर्फेल मोठा ठरतो असे मला वाटत नाही. परक्याला डोंगर दिसतो; घरच्याला प्रत्येक दगडाखाली कोण आहे ते माहीत असते.

आता आपल्या घराकडे वळू. प्रथम एक खुलासा अवश्य आहे. पानिपत हा वंशसंहार नव्हता. दोन सैन्ये समोरासमोर उभी राहिली, आपणही दुसऱ्यांचे मुलूख लुटलेले होते, आणि बंगालच्या बायका मराठी बारगिरांचे नाव घेऊन मुलांना निजवीत असत, हे विसरून अश्रू ढाळणे बरे नव्हे. तथापि १४ जानेवारी १७६१ ची संध्याकाळ झाल्यावर जे घडले ते युद्ध नव्हते. छावणीत शिपायांपेक्षा बिनलढाऊ माणसांचा भरणा अधिक होता. दुसऱ्या दिवशी पकडलेले पुरुष रांगेने उभे करून मारले गेले आणि बायकामुले गुलाम म्हणून वाटली गेली.

हे आपल्याला सांगणारा मुख्य साक्षीदार मराठीच होता, आणि तो विरुद्ध बाजूच्या छावणीत होता. काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी कारकून. भाऊसाहेबांशी चाललेल्या तहाच्या बोलण्यात त्याचा हात होता. विश्वासरावाचे शव अफगाणांच्या हातून सोडवून त्यावर यथाविधि संस्कार व्हावेत यासाठी जी खटपट झाली तीत तो होता. सुमारे वीस वर्षांनी, १७८० मध्ये, त्याने फार्सीत आपली हकीकत लिहिली. जेम्स ब्राऊन याने तिचे इंग्रजी केले. थंड डोक्याने मारलेल्या कैद्यांचा चाळीस हजारांचा आकडा येतो तो तिच्यातूनच. काशीराज रडत नाही. दरबारी माणसाच्या बेतशीर भाषेत तो सांगत जातो, आणि हा संयमच अंगावर येतो. मोत्ये कोठे पडली, कशी सापडली, त्यांना अग्नी कोणी दिला, हे त्याने तपशिलाने लिहिले. खुर्द्याचा त्याने निदान आकडा तरी दिला.

त्यानंतरच्या मराठी वाङ्मयाने काय केले? 'भाऊसाहेबांची बखर' ही भाषेच्या दृष्टीने आपल्या गद्याचे लेणे आहे. तीत इतिहास किती आणि रचना किती हा वाद चालूच राहील, आणि मला तर ती आपली पहिली ऐतिहासिक कादंबरीच वाटते. पण तिचे नावच तिचा विषय सांगते. पुढे १८७१ मध्ये गुंजीकरांच्या 'मोचनगडा'पासून इंग्रजी वळणाची ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. हरिभाऊ आपटे, नाथमाधव, हडप यांनी ती घरोघर पोचवली. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ मध्ये इंग्रजीत आणि १९६१ मध्ये मराठीत पानिपतची सांगोपांग चिकित्सा केली, आणि तिच्यामुळे भाऊसाहेबांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. १९८८ मध्ये विश्वास पाटलांची 'पानिपत' आली. ती ज्याच्या घरी नाही असा मराठी वाचक क्वचितच. पाटलांनी कागदपत्रांचा आधार घेऊन छावणीची उपासमार जी उभी केली आहे, ती मराठी कादंबरीत अपूर्व आहे. धान्य संपते, जनावरे मरतात, दुर्गंधीने जीव गुदमरतो. एवढी पाने तरी खुर्द्याची आहेत. परंतु कादंबरीचा कणा भाऊसाहेब हाच आहे. वाचक पुस्तक मिटतो तेव्हा एका थोर पुरुषावर झालेला अन्याय धुतला गेला, असे समाधान त्याला लाभते. हे समाधान मला थोडे संशयास्पद वाटते.

पानिपतानंतरची सर्वांत विलक्षण कादंबरी कोणा लेखकाने लिहिलीच नाही. ती समाजाने रचली. भाऊसाहेबांचा अंत आपल्या डोळ्यांनी कोणी निश्चित पाहिला नाही, आणि त्यांची पत्नी पार्वतीबाई रणातून जिवंत परत आली होती. पती जिवंत आहे या भरवशावर तिने १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कुंकू पुसले नाही. अशा वेळी सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण मीच भाऊ म्हणून उभा राहिला, आणि १७७६ मध्ये कोकणात त्याच्यामागे हजारो माणसे गेली. त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी १९१३ मध्ये 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले ते या प्रकरणावर. लोक फसले, असे आपण म्हणतो. फसावयास ते का तयार होते? ज्या घरांतले पुरुष गेले आणि प्रेत दिसले नाही, त्या प्रत्येक घराला एक भाऊ परत यावयास हवा होता. मोत्यांतले एक सापडले तर खुर्द्यातलेही काही सापडेल, असा तो हिशेब असावा.

आणि ज्या बायका नेल्या गेल्या त्यांचे काय? हरियाणात रोड नावाची जात आणि बलुचिस्तानात बुग्टी मराठे म्हणवणारे लोक आहेत. आपण पानिपतच्या मराठ्यांचे वंशज आहो असे ते मानतात. इतिहासाने त्यावर काय निकाल द्यावयाचा तो द्यावा. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्तात एका पूर्वजापुढे 'पानपतावर गत, कुटुंब समागमे' एवढाच मजकूर आहे. लहानपणी वडिलांनी तो मोठ्या अभिमानाने दाखवला होता, आणि पुष्कळ वर्षे मीही तो तसाच दाखवीत आलो. 'गत' हा शब्द त्या पुरुषासाठी आहे. समागमे गेलेल्या कुटुंबाला नाव नाही, आणि ती गत झाली की नेली गेली, हेही लिहिलेले नाही. माझ्या मुलीने एकदा विचारले तेव्हा मी विषय बदलला होता.

चिंतामण विनायक वैद्य या पंडिताने मात्र १९१४ मध्ये पानिपतावर कादंबरी लिहिली आणि तिला नाव दिले 'दुर्दैवी रंगू'. भाऊ नव्हे, विश्वासराव नव्हे, एक रंगू. कादंबरी म्हणून ती आज वाचताना जड जाते. पंडित मधूनमधून पात्रांच्या तोंडून बोलू लागतो. तथापि त्या नावातच मराठी ऐतिहासिक कादंबरीने टाकलेले एक धाडसी पाऊल आहे, आणि त्या पावलामागे कोण चालत पुढे गेले, असे विचारले तर फार नावे आठवत नाहीत.

वैद्यांना हे कोठून सुचले असेल? माझा तर्क असा आहे, की त्यांनी त्याआधी एक विजन जवळून वाचले होते. विजन म्हणजे सरसकट कत्तल. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक १८५७ मध्ये बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतील यज्ञाच्या आशेने काकांबरोबर उत्तरेस निघाले, आणि बंडाच्या वणव्यात सापडले. ३ एप्रिल १८५८ रोजी सर ह्यू रोझच्या फौजा झांशी शहरात घुसल्या तेव्हा ते तेथेच होते. पुढचे दिवस त्यांनी लपूनछपून काढले. मागील जूनमध्ये झांशीतच साठेक इंग्रज पुरुष, बायका व मुले यांना बंडवाल्यांनी मारले होते; त्याचा सूड आता सबंध शहरावर उगवला. मृतांचा आकडा इंग्रज लेखकांनीच पाच हजारांच्या घरात दिला आहे.

या विजनावर पुष्कळ कादंबऱ्या झाल्या. वृंदावनलाल वर्मांची १९४६ ची हिंदी कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी येथे आल्यावर वाचली असेल. महाश्वेतादेवींनी १९५६ मध्ये बंगालीत राणीचे चरित्र लिहिले. राणी याच काशीत जन्मली, म्हणून येथे तिच्यावर लोकांचे विशेष प्रेम आहे. पण या पुस्तकांत राणी घोड्यावर बसून किल्ल्याबाहेर पडते आणि वाचक तिच्यामागे काल्पीच्या वाटेला लागतो. शहर मागे राहते. गोडसे भटजी शहराबरोबर मागे राहिले. लुटीचा क्रम त्यांनी दिवसवार दिला आहे: आधी सोनेचांदी, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडेलत्ते, मग धान्य, आणि प्रत्येक दिवशी लुटणारी पलटण निराळी. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची कशी वाताहत झाली ते त्यांनी विद्वान ब्राह्मणाच्या कळवळ्याने सांगितले आहे. गल्लीत कोण पडले, विहिरीत कोण उतरले, पाण्यावाचून कोण तळमळले, हे सांगताना ते अलंकार वापरीत नाहीत. मधेच आपल्या दक्षिणेचे किती गेले याचाही हिशेब देतात. हा हिशेब वाचून प्रथम हसू येते. नंतर कळते, की ज्याला स्वतःच्या चार रुपयांची आठवण आहे, त्याच्याच दुसऱ्या आठवणींवर आपण विश्वास ठेवू शकतो. येसायानच्या पुस्तकाचे वर्णन वाचताना मला वारंवार या भिक्षुकाची आठवण झाली.

त्यांची हकीकत छापली ती वैद्यांनी, १९०७ मध्ये, गोडसे यांच्या मृत्यूनंतर. इंग्रजी अंमल होता. वैद्यांनी मजकुरात काटछाट केली, भाषा नीटनेटकी केली, आणि पुस्तकास कादंबरीचा रंग चढला. मूळ हस्तलिखिताप्रमाणे संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा वैद्यांनी काय बदलले होते ते लोकांना कळले. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. जेथे जेथे वैद्यांनी वाक्य सुरेख केले आहे, तेथे तेथे झांशी थोडी दूर गेली आहे.

गोडसे भटजी नंतर याच काशीत आले. मराठी भिक्षुक उतरतो ती वस्ती तेव्हाही पंचगंगेच्या आसपासचीच. मंगळागौरीवरून ते गेले नसतील असे मला वाटत नाही. येथून त्यांनी गंगेची कावड घेतली, ती खांद्यावरून वरसईस नेली, आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. मग त्यांनी पुन्हा आपली भिक्षुकी सुरू केली. वैद्यांच्या सांगण्यावरून ते लिहावयास बसले तेव्हा १८८३ साल उजाडले होते. झांशी पडून पंचवीस वर्षे झाली होती.